सांगणारी आहे तोवर लिहून घेऊ या

चूल आवरली असेल, कुणी भाजी निवडत असेल, कुणी शेतातून आत्ताच आली असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि कान आमच्याकडे द्या. आज आम्ही एका वहीबद्दल बोलणार आहोत.

गोष्ट आमच्याच गटातली. आमच्या गल्लीत एक आजी होत्या. कानबाईच्या रात्री गाणं म्हणायला बसल्या की पहाट होईपर्यंत त्यांचं गाणं संपायचं नाही. आम्ही मागून टाळ्या वाजवायचो, शेवटची ओळ उचलायचो. मागल्या वर्षी आजी गेल्या. श्रावणात कानबाई बसली, आम्ही सगळ्या जमलो, आणि पहिल्या दोन गाण्यांनंतर गप्प झालो. पुढचं कुणालाच येत नव्हतं. शेवटी कुणीतरी मोबाइलवर गाणी लावली. देवी तीच, पाट तोच, फुलोरा तोच, पण घर सुनं वाटलं. चूक आमचीच होती. इतकी वर्षं ऐकलं, पण एकीनेही कागदावर उतरवलं नाही.

तेव्हा आमच्या लक्षात आलं, की आपल्या खान्देशात श्रद्धा, घरच्या आठवणी आणि साधा आनंद या तीन वेगळ्या गोष्टी नाहीतच. एकाच वेणीचे ते तीन पेड आहेत. वर्षाचे सण आठवून पाहा.

वैशाखात आखाजी येते. पंचांगात तिला अक्षय्य तृतीया म्हणतात, आपल्याकडे ती सासुरवाशिणीची आखाजी. घागर भरून गेलेल्या माणसांची आठवण करायची, म्हणजे श्रद्धा आली. मुळाची वाट बघायची, माहेरी जायचं, म्हणजे आठवणी आल्या. लिंबाच्या झाडाला झोका, गौराईची गाणी, खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस, म्हणजे आनंद आला. सालदाराचं सालही आखाजीलाच संपतं आणि नवं सुरू होतं. म्हणून शेतावरच्या घरांनाही हा दिवस विसावा देतो.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी मांडायची, भाऊबंदकी एकत्र जमवायची, रोटाचा स्वयंपाक करायचा, सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवायची. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई, कुणी भुलाबाई म्हणतं. महिनाभर पोरी घरोघर गाणी म्हणतात आणि झाकलेली खिरापत ओळखतात. गौराई आपल्याकडे लेकीसारखी येते, गुलाबाई माहेरपणाला येते, कानबाई आईसारखी येते. आपला देव असा नात्यानं घरात येतो. म्हणून त्याच्या गाण्यात सासू असते, नणंद असते, भाऊ असतो, चूल आणि विहीर असते. ते गाणं गेलं तर नुसते शब्द जात नाहीत. आपल्या आजीचं आयुष्य जातं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काय लिहिणार, आम्ही काही लेखिका नाही. तर ऐका, ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांचंच बोलणं खान्देशानं साऱ्या महाराष्ट्राला दिलं आहे.

बहिणाबाई चौधरी १८८० साली नागपंचमीला जळगावजवळच्या असोदे गावी जन्मल्या. लहान वयात लग्न होऊन जळगावला आल्या, तिशीतच विधवा झाल्या. शेतात राबायचं, पहाटे घरोटावर दळायचं, मुलं वाढवायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता ओठांवर येई ते आपल्या लेवा बोलीत गात. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातलं जमेल तेवढं उतरवून ठेवलं. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. विचार करा, ती वही नसती तर? बाई तीच असती, गाणी तीच असती, पण आपल्यापर्यंत एकही पोचलं नसतं. आणि जी गाणी त्या वहीत उतरलीच नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली.

दुसरी गोष्ट धुळ्याची. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी ते कैद्यांना गीता समजावून सांगत. समोर बसून साने गुरुजींनी ती प्रवचनं लिहून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. विनोबांनी गीता मराठीत आणली तीही आईमुळे. तिला संस्कृत कळत नव्हतं आणि मराठीत सोपी गीता हवी होती. त्या पुस्तकाचं नावच 'गीताई'. अंमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्यात राजवाडे नाहीत, लढाया नाहीत. आईचं घर आहे, गरिबी आहे, तिचा देवावरचा भाव आहे.

बघा, दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडली. सांगणारं कुणी होतं आणि ऐकणाऱ्यानं लिहून घेतलं. आईचं सांगणं तेव्हा लेकांनी लिहिलं. आज लेकी-सुनांना अक्षर येतं, हातात मोबाइल आहे. मग वाट कुणाची बघायची? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांत जाऊन जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या सांगणाऱ्या बाया आपल्यासारख्याच होत्या.

आता हे करायचं कसं, ते सांगतो. आम्ही तीन महिन्यांपासून करतो आहोत, त्यात चुकतच शिकलो.

पहिली गोष्ट, म्हातारीला समोर बसवून "गाणं म्हणा" असं म्हणू नका. आम्ही तसंच केलं आणि त्या लाजून म्हणाल्या, "माले काही येत नही." मग एक दिवस त्यांच्याजवळ सूप घेऊन बसलो, दाणे पाखडू लागलो, आणि गाणं आपोआप आलं. हात चालला की ओवी सुचते, कारण ती हाताबरोबरच शिकलेली असते.

दुसरी, प्रश्न नेमका विचारा. "जुन्या आठवणी सांगा" म्हटलं की माणूस गप्प होतो. "लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तुम्हाला घ्यायला कोण आलं होतं?" असं विचारा. पाहा, तासभर बोलतील.

तिसरी, जसं बोलल्या तसंच लिहा. अहिराणी असेल तर अहिराणी, लेवा बोली असेल तर ती. पुस्तकी मराठी करू नका. बोली बदलली की आजी त्यातून निघून जाते.

चौथी, पाककृती लिहिताना "अंदाजाने" एवढंच लिहून थांबू नका. त्यांनी मूठ भरली की ती वाटीत ओता, मग मोजा. बिबडे आणि कुरडया आम्ही अशाच लिहून घेतल्या.

पाचवी, वर नाव, गाव, तारीख आणि "हे कुणाकडून शिकल्या" एवढं नक्की लिहा. मोबाइलवर घेतलं तर दोन जणींच्या मोबाइलमध्ये ठेवा. एकीचा बिघडला तर दुसरीकडे राहील.

सहावी आणि सगळ्यात मोठी, आधी विचारा. बाईच्या आयुष्यात सांगता न येणारं बरंच असतं. रडू आलं तर पेन खाली ठेवा आणि पाणी द्या. त्या म्हणाल्या "हे लिहू नको", तर लिहू नका.

वेळ कुठून काढायचा? बचत गटाची बैठक तर होतेच. हप्ते जमा झाले, सह्या झाल्या, की पंधरा-वीस मिनिटं एकीची आठवण. महिन्याला एक, म्हणजे वर्षाला बारा.

शेवटी मनातली एक गोष्ट. कानबाईच्या रोटासाठी गहू मोजतात, तेव्हा बऱ्याच घरांत घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा सव्वा माप घेतात. निवडणारी बाई, दळणारी बाई, रांधणारी बाई, पण मापात तिचं नाव नाही. रीत मोडा असं सांगायला आम्ही आलो नाही. ज्या त्या घरानं आपलं ठरवावं. पण आमच्या वहीत आम्ही ठरवलं आहे, की पहिल्या पानावर बायांचीच नावं. रोट करणारीचं, गाणं म्हणणारीचं, झोका बांधणारीचं. ते पान लिहिलं त्या दिवशी एक काकू आपलं नाव दोनदा बोटानं गिरवून म्हणाल्या, "इतल्या वर्षात माझं नाव पहिल्यांदा कुठं तरी वर लिहिलं."

येत्या बैठकीला शंभर पानी वही आणा. आणि तुमच्या गल्लीत सगळ्यात वयस्कर कोण, ते आज रात्रीच आठवून ठेवा. राम राम.