सायकलचा शॉक आणि डॉक्टरांची कंबर

पावसाळा संपला आणि माझी कंबर धरू लागली. पायात मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, लघवीची तक्रार नाही. (यातले काही असेल तर वाचकहो, सायकल ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.) मात्र माळावर फेरी मारली की दुखणे वाढे.

सायकल मुलाची, जुनी माउंटन बाइक. मागचा शॉक हवेचा. मी बसलो की तो पाव ते तीस टक्के दबायला हवा, तो निम्म्याहून खाली जाई. दट्ट्यावर तेल ओघळलेले, आणि खड्ड्यानंतर घोड्यासारखी उसळी. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला चार-सहा वेळा बसणारे हादरे सर्वांत जाचक. मी गोळ्या घेत होतो, दोष सायकलचा!

रविवारी मुलगा पाना घेऊन शॉक उघडायला बसला. मी ओरडलोच. आत मोटारीच्या टायरच्या कितीतरी पट दाब असतो. व्हॉल्व्हमधून सगळी हवा न सोडता नळकांडे फिरवले, तर ते सुटून थेट डोळ्यावर येते. हवा सोडूनही शॉक दबलेलाच राहिला, तर आत दाब अडकला आहे असे समजून हात लावू नये.

शॉक पूर्ण मोकळा झाल्यावर बाहेरची रबरी सील आम्ही बदलली. आतल्या डॅम्परमध्ये नायट्रोजन. ते काम शहरातल्या कारागिराला दिले. नवाच घ्यायचा तर दोन भोकांमधले अंतर आणि स्ट्रोक मिलिमीटरमध्ये जुन्याइतकेच हवेत.

कंबर आता सकाळीच थोडी धरते. पन्नाशी कोणत्या कारागिराकडे न्यायची?