गुण देणाऱ्याचीही परीक्षा!

दोस्तांनो, टीव्हीवर बर्फावरचं फिगर स्केटिंग बघताना तुम्हीही मनात गुण देता ना? पण परीक्षक होणं सोपं नाही बरं का!

अमेरिकेत शिकाऊ परीक्षक आधी 'ट्रायल जजिंग' करतो. उड्या, गिरक्या, स्केटच्या कडेवरचा तोल, सगळं टिपून तोही गुण लिहितो. ते निकालात मात्र धरत नाहीत. अनुभवी परीक्षकांच्या गुणांशी ताडून बघतात. एकदा पडला म्हणून कुणी आपोआप शेवटचा ठरत नाही, हे तिथंच कळतं.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये परीक्षकांच्या निकालावरून गदारोळ झाला. शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं!

म्हणून न्यायाची सवय नवशिक्यांच्या स्पर्धेपासूनच हवी. पहिल्यांदाच स्पर्धेत उतरलेल्या चिमुरडीच्या मेहनतीचंही चीज व्हायला नको का?