दयावीराची कसोटी

पराक्रमाची आवड मुलांस शिकवावी लागत नाहीं. पराक्रम कशास म्हणावा, हें मात्र शिकवावें लागतें. साहित्यदर्पणकार विश्वनाथानें चौदाव्या शतकांत दानवीर, धर्मवीर, युद्धवीर व दयावीर असे वीराचे चार प्रकार सांगितले. हल्लींच्या चित्रपटांनीं त्यांपैकीं युद्धवीर तेवढा मुलांच्या डोळ्यांपुढें ठेविला आहे. ज्या एका अमेरिकन स्पर्धेंत दयावीराचीही परीक्षा झालेली आम्हीं नातवंडांसमवेत पाहिली, तिचा परिचय म्हणूनच वाचकांस करून देत आहों.

‘हू वाँट्स टु बी अ सुपरहीरो?’ हा कार्यक्रम अमेरिकेंतील साय-फाय वाहिनीवर जुलै २००६ मध्यें सुरू झाला. सूत्रधार होते स्टॅन ली (१९२२–२०१८). स्टीव्ह डिट्को यांच्यासह १९६२ सालीं ‘स्पायडर-मॅन’ निर्माण करणारे लेखक ते हेच. साध्या नागरिकांनीं स्वतःच्या कल्पनेनें एखादा अद्भुत वीर रचावा, त्याचा वेष धारण करावा, आणि एकेक बाद होतां होतां अखेर एकच उरावा, अशी योजना होती. विजेत्याच्या वीरावर ली यांनीं चित्रकथा लिहावयाची आणि वाहिनीच्या एका चित्रपटांत त्याचें दर्शन घडवावयाचें, हें पारितोषिक. ली स्पर्धकांशीं बहुतेक वेळां पडद्यावरूनच बोलत. जणुं पुराणांतील आकाशवाणीच!

पहिल्या भागांत स्पर्धकांस सांगण्यांत आलें कीं, लोकांच्या नकळत वेष बदलून त्वरेनें ठराविक स्थळीं पोंचावें. वाटेंत एक लहान मुलगी रडत उभी होती. आपण हरवलों आहों, असें सांगून ती मदत मागत होती. कांहीं स्पर्धक थांबले. कांहीं तिच्याजवळून तसेच धांवत गेले. नंतर उलगडा झाला कीं, खरी परीक्षा धांवण्याची नव्हतीच!

आमच्या घरीं येथें वाद उपस्थित झाला. थोरला नातू म्हणाला, “आजोबा, त्यांना धांवायला सांगितलं होतं, ते धांवले. यांत त्यांचा काय दोष?” त्यावर धाकटी नात म्हणाली, “पण ही परीक्षा आहे असं ठाऊक असतं, तर सगळेच थांबले असते ना?”

तिच्या प्रश्नांतच उत्तर होतें. परीक्षक समोर असतां कोणीही सज्जन होतो. नातवाचा आक्षेपही अगदींच टाकाऊ नव्हे; मुलांनीं नियम मोडावे, असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. परंतु शर्यतीचा नियम शर्यतीपुरता. असहाय बालकाविषयींचें कर्तव्य सर्वकाळचें. दोहोंत विरोध आल्यास कोणी कोणास वाट द्यावी, हें उघड आहे.

पुढें आणखी एका परीक्षेंत, अंगावर संरक्षक पोशाख चढवून हल्ला करणाऱ्या कुत्र्यांमधून पलीकडे जावयाचें होतें. ‘मंकी वुमन’ या वेषांतील बाईंस कुत्र्यांनीं पुनःपुन्हां खालीं ओढलें, तरी त्यांनीं माघार घेतली नाहीं. चिकाटी हेंही वीरत्वच, हें मुलांस निराळें सांगावें लागलें नाहीं. अखेरीस ‘फीडबॅक’ नांवाचा वीर रचणारे गृहस्थ विजयी झाले.

या कार्यक्रमांत दोषही आहेत. त्या मुलीचें रडणें हा ठरवून केलेला अभिनय होता, आणि स्पर्धकांची फजिती हा तर करमणुकीचाच विषय केलेला दिसतो. दयेची परीक्षा घेण्याकरितां फसवणूक करावी काय, हा प्रश्न आम्हीं मुलांपुढें मुद्दाम ठेविला. त्यावर आमच्या घरांत एकमत झालें नाहीं. होण्याची आवश्यकताही आम्हांस वाटली नाहीं.

असे कार्यक्रम मुलांच्या दृष्टीआड ठेवणें आतां शक्य नाहीं. एकटा बसून पाहणाऱ्या मुलाच्या हातीं वेष आणि विजय एवढेंच लागण्याचा संभव अधिक. वडील माणसांनीं शेजारीं बसावें, मधून थोडें थांबवावें आणि मुलांस बोलूं द्यावें. कोण जिंकलें, हें मुलें आपण होऊनच सांगतील. त्या मुलीसाठीं कोण थांबलें, आणि तूं थांबला असतास काय, एवढें मात्र आपण विचारावें.