अर्धा प्रकाश, पाऊण आकडा

एखादा लघुग्रह ताऱ्यासमोरून सरकला की तारा काही सेकंद दिसेनासा होतो. हे पिधान. जगभरचे हौशी निरीक्षक दुर्बिणीला व्हिडिओ कॅमेरा जोडून, प्रत्येक फ्रेमवर वेळ उमटवून ते टिपतात आणि त्या वेळांवरून लघुग्रहाचा आकार काढला जातो. क्वचित तारा एकदम विझत नाही, दोन टप्प्यांत विझतो. म्हणजे तो जोडतारा! दोघांपैकी कोण किती तेजस्वी, हे पहिल्या टप्प्यावरून कळते.

समजा, दोघे अगदी सारखे आहेत. एक झाकला गेला, प्रकाश निम्मा झाला. व्हिडिओतला आकडा मात्र १०० वरून ५० वर येत नाही. तो ७३ वरच थांबतो. त्यावर विसंबले, तर उरलेला तारा झाकलेल्याच्या जवळजवळ पावणेतीन पट तेजस्वी ठरेल.

हा परिणाम गॅमाचा. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला दुप्पट विद्युतदाब दिला, की उजेड चौपटीहून जास्त वाढे. त्याची भरपाई कॅमेऱ्यातच उलटी केली जाऊ लागली: येणाऱ्या प्रकाशाचा साधारण ०.४५ वा घात. ट्यूब गेल्या, गॅमा राहिला, आणि त्याला सबळ कारण आहे. गडद छटांमधला बारीक फरक डोळ्याला चटकन कळतो, त्यामुळे २५६ पायऱ्यांपैकी जास्त पायऱ्या अंधाराच्या बाजूला दिलेल्या बऱ्या. चित्र त्याने देखणे होते. मोजमाप मात्र बिघडते.

बऱ्याच कॅमेऱ्यांत गॅमा १ वर ठेवण्याची सोय असते. निरीक्षणाआधी तेवढे करावेच. पण आधीच झालेल्या चित्रीकरणाचे काय? तेही वाचवता येते, फक्त तो कॅमेरा नेमका कसा वागतो हे शोधावे लागते. माहितीपत्रकातल्या आकड्यावर भिस्त ठेवू नये.

त्यासाठी अंधारी खोली, पांढरा पुठ्ठा आणि एक छोटा दिवा पुरतो. कॅमेरा पुठ्ठ्यावर रोखून हलू द्यायचा नाही, आपोआप उजेड सावरणारी सगळी बटणे बंद. झाकण लावून येणारा काळोखाचा आकडा टिपायचा आणि पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. मग दिवा पुठ्ठ्यापासून १ मीटरवर, नंतर २ मीटरवर. अंतर दुप्पट, प्रकाश पाव. गॅमा ०.४५ असेल, तर आकडा १०० वरून २५ वर न येता ५४ च्या आसपास येतो. अशी सात-आठ अंतरे घेऊन प्रकाश आणि आकडा दोन्ही लॉग मापावर मांडले, की रेषेचा उतार म्हणजेच गॅमा.

हीच परीक्षा आकाशातही घेता येते, आणि त्यासाठी कृत्तिकांइतका सोयीचा पुंजका नाही. त्यातल्या अल्सायोनी ताऱ्याची प्रत (आकडा जितका मोठा, तारा तितका मंद) २.८७, टायगेटाची ४.३०, फरक १.४३. ०.४५ गॅमाचा कॅमेरा तो जेमतेम ०.६४ दाखवतो. हे तारे निळसर असल्याने रंगाचा फरकही फारसा आड येत नाही. अल्सायोनी पांढरीफटक होऊन आकडा २५५ ला टेकू नये, एवढे जपायचे.

खरी अडचण मंद ताऱ्यांची. हाय डेफिनिशन व्हिडिओच्या रेक. ७०९ या मानकात पूर्ण उजेडाच्या १.८ टक्क्यांखाली वक्र संपून सरळ रेषा लागते. अशा कॅमेऱ्याला गॅमाचा एकच आकडा पुरत नाही. प्रत्येक आकड्यामागचा खरा प्रकाश सांगणारा तक्ताच बनवावा लागतो.

आणि क्रम चुकवायचा नाही. आधी गॅमा उलटवायचा, मगच ताऱ्याभोवतालच्या आकाशाचा उजेड वजा करायचा. टँग्रासारख्या सॉफ्टवेअरमध्ये गॅमा उलटवण्याची सोय आहे. मोजलेला गॅमा तिथे भरून जोडताऱ्याची जुनी फीत पुन्हा मोजली, की ७३ वर अडलेली पायरी ५० वर उतरते.