एसयूव्हीचे सस्पेन्शन : अकाली झीज आणि दुरुस्तीचा भार

गेल्या दशकात भारतीय प्रवासी वाहनांच्या बाजारपेठेचे स्वरूप झपाट्याने पालटले. २०२४-२५ या आर्थिक वर्षात विकल्या गेलेल्या सुमारे ४३ लाख प्रवासी वाहनांपैकी जवळजवळ २८ लाख वाहने एसयूव्ही व तत्सम उपयुक्तता वाहनांच्या वर्गातील होती. उंच गाडी खराब रस्त्यावर अधिक टिकते, हा या पसंतीमागील एक प्रमुख समज होय. प्रत्यक्षात मात्र अनेक मालकांना हमीचा कालावधी संपतो न संपतो तोच सस्पेन्शनच्या दुरुस्तीचा खर्च सोसावा लागतो. वरकरणी हा गॅरेजमधील विषय वाटत असला, तरी रस्त्यांची देखभाल, बाजारपेठेतील स्पर्धा आणि ग्राहकहक्क या तीनही प्रश्नांशी तो निगडित आहे.

झीज कशी होते?

सस्पेन्शनमधील स्प्रिंग रस्त्याचा धक्का झेलते. त्यानंतरची गाडीची आंदोलने शॉक अॅब्सॉर्बर शमवतो. त्यातील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि आंदोलनाची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. चाकाला योग्य जागी धरून ठेवण्याचे काम कंट्रोल आर्म करतात. त्यांच्या सांध्यांवर रबरी बुश व बॉल जॉइंट असतात. सर्वसाधारणपणे हे छोटे भागच प्रथम झिजतात.

जमिनीपासूनची अधिक उंची गाडीचा तळ घासण्यापासून वाचवते. सांध्यांचे आयुष्य मात्र तिच्यामुळे वाढत नाही. किंबहुना अनेक बाबी उलट दिशेने काम करतात. एसयूव्हीचे वजन तुलनेने अधिक असते. मोठ्या रिमवर बसवलेल्या कमी जाडीच्या टायरची कड धक्का कमी शोषते व तो सांध्यांपर्यंत पोहोचतो. गुरुत्वमध्य उंच असल्याने वळणावर गाडी कलते आणि हे कलणे रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारच्या लिंकवर ताण येतो. शिवाय आजच्या अनेक एसयूव्ही स्वतंत्र चेसिसवर नव्हे, तर साध्या मोटारीप्रमाणे एकसंध सांगाड्यावर बांधलेल्या असतात. उंचीमुळे चालक निर्धास्त होतो आणि खड्ड्यातूनही वेग कमी करीत नाही, ही आणखी एक बाब. वेग दुप्पट झाल्यास गतिज ऊर्जा चौपट होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

एका भागाची झीज पुढच्या भागाला ग्रासते. बॉल जॉइंटवरील रबरी आवरण फाटले की धूळ व पाणी आत शिरते आणि वंगण निरुपयोगी ठरते. बुश सैल झाला की चाकाचा कोन बिघडतो व टायर एका बाजूने झिजतो. अल्प किमतीच्या भागाकडे केलेले दुर्लक्ष अशा प्रकारे टायर बदलण्याच्या खर्चापर्यंत जाऊन पोहोचते.

रस्त्यांचा वाटा

देशातील रस्त्यांची एकूण लांबी सुमारे ६३ लाख किलोमीटर असून त्यात राष्ट्रीय महामार्गांचा वाटा अडीच टक्क्यांहूनही कमी आहे. उर्वरित जाळे राज्ये, नगरपालिका, पंचायती इत्यादींच्या अखत्यारीत येते आणि दैनंदिन प्रवास मुख्यतः त्यावरच होतो. गतिरोधकांचेच उदाहरण पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा, जेणेकरून ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुरक्षितपणे ओलांडता येईल. वसाहतींतील अरुंद व टोकदार उंचवटे या निकषात बसत नाहीत.

खड्ड्यांचे एक कारण अतिभारित मालमोटारी हे आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांतून 'चतुर्थ घाताचा नियम' पुढे आला. त्यानुसार आसावरील भार २० टक्क्यांनी वाढल्यास रस्त्याची हानी सुमारे दुप्पट होते. पावसाचे पाणी तडा गेलेल्या डांबरी थरात शिरून उरलेले काम करते. खडबडीत रस्त्याने इंधन, टायर, सुटे भाग व दुरुस्ती यांवरील खर्च वाढतो, याचे मोजमाप केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने १९८२मध्ये पूर्ण केलेल्या रस्ता-वापर खर्चाच्या अभ्यासात केले होते.

देयक का फुगते?

पुष्कळदा बुश स्वतंत्रपणे मिळत नाही. संपूर्ण आर्मच घ्यावा लागतो. सुटे भाग व तपासणीची साधने केवळ अधिकृत सेवा केंद्रांपुरती मर्यादित राहिल्यास मालकाला पर्याय उरत नाही. याच कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ मोटार उत्पादकांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला व सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करण्याचे निर्देश दिले. या आदेशाविरुद्ध उत्पादकांनी दाद मागितली. करांच्या बाबतीत मात्र दिलासा मिळाला आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के हा एकच वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यापूर्वी सस्पेन्शनच्या भागांवर तो २८ टक्के होता.

कायद्याचे संरक्षण

झिजणारे भाग सामान्यतः हमीतून वगळलेले किंवा मर्यादित काळासाठीच समाविष्ट असतात. त्यामुळे ही स्वाभाविक झीज आहे की उत्पादनातील दोष, हाच वादाचा मुद्दा ठरतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ने 'उत्पादन दायित्व' ही संकल्पना आणली असून दोष ठरवण्यासाठी ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९मधील कलम ११०-अ अन्वये, वाहनातील दोष प्रवाशांना वा इतरांना धोकादायक असल्यास केंद्र सरकार वाहने परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. ही तरतूद १ एप्रिल २०२१पासून अमलात आली. मालकांच्या तक्रारींची संख्या हा त्यातील एक निकष असल्याने प्रत्येक तक्रारीला महत्त्व आहे. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू केलेल्या संकेतस्थळातही मोटारींचे क्षेत्र समाविष्ट आहे.

मालकाच्या हातीही बरेच काही आहे. टायरमधील हवेचा दाब व चाकांचा कोन नियमित तपासणे, खड्ड्यापूर्वी वेग कमी करणे, खडखडाट ऐकू येताच गाडी तपासून घेणे आणि प्रत्येक दुरुस्तीचे देयक जपून ठेवणे, हे उपाय अल्पखर्ची आहेत. परंतु सारा भार मालकावर टाकणे योग्य नव्हे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत कंत्राटदारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. तशी बांधिलकी शहरी रस्त्यांनाही लागू व्हावी. देखभालीवरील खर्चात केलेली कपात ही खरी बचत नसते. तेवढाच, किंबहुना त्याहून अधिक खर्च नागरिकांच्या दुरुस्तीच्या देयकांतून वसूल होत असतो.