पोरं गेममधून उठत का नाहीत? दुकानाच्या इंटिरियरवर खर्च करण्याआधी हे वाचा

मागच्या व्हिडिओत ‘ग्राहक दुकानात रमला पाहिजे’ असं बोललो, पण रमवायचं कसं ते वेळेअभावी राहूनच गेलं. मला ते गेम बनवणाऱ्यांकडून जास्त कळलं, म्हणून तिथूनच सांगतो.

पोरगं गेम खेळतंय, आई जेवायला हाका मारतेय आणि साहेबांना ऐकूच येत नाही. आपण म्हणतो, ग्राफिक्स भारी असतात ना! पण १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी टेट्रिस बनवला, तो ज्या संगणकावर, त्याला चित्रं दाखवताच येत नव्हती. ठोकळे चक्क कंसांच्या खुणांचे होते. तरी माणसं अडकली. कारण बटण दाबलं की ठोकळा लगेच फिरतो, ओळ भरली की लगेच नाहीशी होते. केलेल्याचं उत्तर त्याच क्षणी मिळतं.

दुसरं उदाहरण २००८ च्या ‘डेड स्पेस’चं. बऱ्याच गेममध्ये जीव किती उरला, गोळ्या किती उरल्या, हे पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं. इथे नायकाच्या सूटवर, पाठीच्या कण्यावर दिव्याची पट्टी आहे. मार बसला की ती कमी होते. गोळ्यांचा आकडा बंदुकीजवळच उमटतो. सामानाची यादी उघडली तरी खेळ थांबत नाही, राक्षस येतच राहतात! खेळणाऱ्याची नजर त्या जगाबाहेर जायला कारणच ठेवलेलं नाही.

आता तुमच्या होणाऱ्या दुकानाकडे या. समजा साड्यांचं आहे. कर्ज काढून आधी काय करता? फॉल्स सीलिंग, लाइटिंग. ताई साडी खांद्यावर टाकून आरशात बघतायत, मनाने लग्नाला पोचल्यासुद्धा. पण साडीला किमतीची चिठ्ठी नाही, म्हणून विचारावं लागतं. पोरगा म्हणतो, “शेठना विचारून सांगतो.” संपलं! ताई लग्नातून परत दुकानात. चिठ्ठीला कितीसे पैसे लागतात हो?

अर्थात हे सगळीकडे चालत नाही. मेडिकलमध्ये किंवा झेरॉक्सच्या दुकानात कोणाला रमायचं नसतं, काम उरकून निघायचं असतं. तिथे हा खटाटोप नको.

दुकान अजून सुरू झालं नसेल तर ओळखीच्या एखाद्या दुकानात मालकाला विचारून तासभर उभे राहा. ग्राहकाला वस्तूवरून नजर काढून काही विचारावं लागलं की वहीत एक रेघ मारा, पुढे प्रश्न लिहा. सीलिंगवाल्याला ॲडव्हान्स त्यानंतर द्या.