कसर खात्यात न टाकलेला फरक

मेळ घालताना किरकोळ फरक उरला, की तो कसर-वटाव खात्यात टाकून वही मिटवण्याचा मोह कोणालाही होतो. इंग्लंडचे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी हा मोह टाळला. त्यातून आवर्तसारणीला एक अख्खा नवा स्तंभ लाभला.

हवेतील इतर ज्ञात घटक काढून मिळवलेला नायट्रोजन लिटरमागे १.२५७२ ग्रॅम भरे. रासायनिक संयुगांपासून केलेला १.२५०५ ग्रॅम. फरक जेमतेम अर्धा टक्का. पण पुन्हा पुन्हा तोलूनही तो हटेना. १८९२ साली रॅले यांनी 'नेचर' नियतकालिकातून रसायनशास्त्रज्ञांना याचे कारण विचारले. पुढे लंडनच्या विल्यम रॅम्झी यांनी तापलेल्या मॅग्नेशियमवरून हवेतला नायट्रोजन वारंवार नेऊन शोषून घेतला. शेवटी थोडा वायू उरला. त्याच्या वर्णपटातील रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात. १८९४ मध्ये हा शोध जाहीर झाला. कशाशीही संयोग न पावणाऱ्या या वायूला 'अरगॉन', म्हणजे ग्रीक भाषेत 'आळशी', असे नाव मिळाले.

वास्तविक १७८५ मध्येच हेन्री कॅव्हेंडिश यांच्या प्रयोगात असा न विरघळणारा लहानसा बुडबुडा उरला होता. त्यांनी तो प्रामाणिकपणे नोंदवला. मात्र शतकभर त्या नोंदीचा अर्थ कोणी लावला नाही.

अरगॉन सापडला खरा, पण त्याला जागा कुठे द्यावी? मेंडेलीव्ह यांनी १८६९ च्या सारणीत अज्ञात मूलद्रव्यांसाठी घरे रिकामी ठेवली होती, परंतु अशा वायूसाठी एकही नव्हते. शिवाय त्याचे अणुवस्तुमान, ३९.९, पुढच्या पोटॅशियमच्या ३९.१ पेक्षा अधिक! हा नायट्रोजनचाच त्रिअणू प्रकार असावा, अशी शंका खुद्द मेंडेलीव्ह यांना आली.

१८९५ मध्ये रॅम्झी यांना युरेनियमच्या खनिजातून हेलियम मिळाला. १८९८ मध्ये ट्रॅव्हर्स यांच्यासह त्यांनी निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन शोधले. एकटा अरगॉन अपवाद वाटत होता. आता पुरे कुटुंबच पुढे आले. हॅलोजन आणि अल्कली धातू यांच्यामध्ये त्यांचा स्वतंत्र गण मानला गेला आणि मेंडेलीव्ह यांनीही तो स्वीकारला. १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकशास्त्राचे, रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे उलगडले, की मूलद्रव्यांचा खरा क्रम वस्तुमानावर नव्हे, अणुक्रमांकावर ठरतो: अरगॉन १८, पोटॅशियम १९. या वायूंचे बाह्यतम कवच इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेले असल्याने त्यांना सहसा कोणाशी देवघेव करावी लागत नाही.

कोरड्या हवेत अरगॉनचे प्रमाण ०.९३ टक्के, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीस पटींहून अधिक. प्रत्येक श्वासात असलेली ही शिल्लक वहीवर चढली, ती एका तराजूने दाखवलेल्या अर्ध्या टक्क्याच्या फरकामुळे.